सुट्टीतले संशोधन आणि विकतचा शोधनिबंध

दहावीचा शेवटचा पेपर संपतो न संपतो तोच पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर जाहिराती फिरू लागतात. पूर्वी त्या पोहण्याच्या वर्गाच्या, हस्ताक्षर सुधारण्याच्या आणि अकरावीच्या ‘व्हेकेशन बॅच’च्या असत. आता त्यांत शाळकरी मुलांसाठीच्या ‘समर रिसर्च प्रोग्रॅम’ची भर पडली आहे. परदेशी विद्यापीठाच्या इमारतीचे छायाचित्र, पांढरा कोट घातलेली हसरी मुले आणि खाली ठळक अक्षरांत आश्वासन: आठ आठवड्यांत स्वतःच्या नावाचा शोधनिबंध. शुल्काचा आकडा मात्र जाहिरातीत सहसा नसतो. तो ‘समुपदेशका’च्या फोननंतर कळतो.

मुलांनी कोवळ्या वयात प्रयोगशाळेत जावे, यात चूक काहीच नाही. उलट त्याचे मोल किती असू शकते याचे एक उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात ठसठशीतपणे नोंदलेले आहे. १९५५ च्या उन्हाळ्यात डेव्हिड बाल्टिमोर हा शाळकरी मुलगा अमेरिकेतील मेन राज्यात, बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेच्या उन्हाळी कार्यक्रमाला गेला. उंदरांच्या आनुवंशिकतेवर काम करणारी ही संस्था. तिथे त्याची गाठ पडली हॉवर्ड टेमिन या थोड्या मोठ्या विद्यार्थ्याशी. टेमिन स्वतःही शाळेत असताना याच कार्यक्रमात येऊन गेला होता. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि १९७० मध्ये दोघांनीही, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज हे विकर शोधून काढले. १९७५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना रेनाटो दुल्बेको यांच्यासह मिळाले. करोनाकाळात घराघरांत पोचलेल्या ‘आरटी-पीसीआर’ या शब्दातले ‘आरटी’ म्हणजे याच विकराचे काम.

बाल्टिमोर यांना त्या उन्हाळ्यात जे मिळाले ते म्हणजे अजून कोणालाच उत्तर माहीत नसलेल्या प्रश्नावर माणसे रोज सकाळी उठून काम कशी करतात, हे जवळून पाहण्याची संधी. पाठ्यपुस्तकातले विज्ञान सोडवून झालेले असते. प्रयोगशाळेतले अर्धवट असते, पुष्कळदा चुकलेले असते. हा फरक सोळाव्या-सतराव्या वर्षी हाताला कळणे, एवढाच अशा कार्यक्रमाचा खरा उपयोग आहे. निवड करताना नेमका तोच विसरला जातो.

कारण बाजाराने त्याच्या जागी दुसरीच वस्तू मांडली आहे. अमेरिकेतील प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता संस्थेने २०२३ मध्ये या व्यवसायाचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन प्रवेशाच्या अर्जात वजन पडावे म्हणून शाळकरी मुलांचे ‘संशोधन’ घडवून आणणाऱ्या आणि ते छापून येईल अशी सोय पाहणाऱ्या सेवांसाठी कुटुंबे अडीच हजारांपासून दहा हजार डॉलरपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते आठ लाख रुपये मोजत असल्याचे त्यात दिसले. परदेशी शिक्षणाची स्वप्ने पाहणाऱ्या पुण्या-मुंबईच्या घरांत आज हीच सेवा विकली जाते आहे. कुठे पूर्ण दरात, कुठे ‘अर्ली बर्ड’ सवलतीत.

आठ आठवड्यांत शोधनिबंध होतच नाही असे नाही. पण तो होईलच, अशी हमी जो देतो त्याला उत्तर आधीपासून ठाऊक असते, किंवा उत्तराची पर्वा नसते. अशा निबंधांची शीर्षके पाहावीत: ‘कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कर्करोगाचे निदान’, ‘अल्झायमरवरील नवी उपचारपद्धती’. इंटरनेटवर मोफत मिळणारी तयार माहिती घ्यायची, तयार आज्ञावली तीवर चालवायची, मार्गदर्शकाने मजकूर सावरायचा आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकाकडे धाडायचा. मुलाला पेशी दिसत नाही, रुग्ण दिसत नाही, चूकही दिसत नाही. मुलाखतीत कोणी ‘हा आलेख असा का वळला?’ विचारले की पंचाईत होते, हा त्यातला लहान तोटा. संशोधन म्हणजे असेच असते, अशी त्याची खात्री पटते, हा मोठा. शाळेच्या प्रकल्पवहीत चित्रे डकवून गुण मिळवण्याची सवय आपल्याकडे आधीच आहे. तिलाच इथे इंग्रजी शीर्षक मिळते.

मग शाळकरी मुलाला झेपेल आणि तरीही खरे असेल असे काम असते तरी कसे? उदाहरण घरातल्या पाण्याच्या पिंपाचे घेता येईल. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, असे आरोग्य कर्मचारी दारोदार सांगत असतात. मात्र मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेलगत, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवून, आणि ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहू शकतात. तेव्हा पिंप नुसते रिकामे करून पुन्हा भरले तर काय होते आणि आतून घासून भरले तर काय होते? काही बादल्या अशा, काही तशा, जागा आणि सावली सारखी, रोज ठरल्या वेळी अळ्यांची मोजणी, आणि डास होण्याआधी सगळ्या अळ्यांचा न चुकता नाश. सुट्टीत बसणारा हा प्रश्न आहे. घासणे चांगले, हे आरोग्य खाते सांगतेच. पण किती चांगले, आपल्या वाडीत, आपल्या प्लास्टिकच्या आणि सिमेंटच्या भांड्यांत, हे मोजून पाहावे लागते.

आणि मोजायला बसले की खरी गंमत सुरू होते. दहा दिवस गेले तरी सगळ्याच बादल्यांत शून्य अळ्या, असे सहज होऊ शकते. मे महिन्याच्या उन्हात मादी फिरकलीच नसेल, किंवा बादल्या चुकीच्या कोपऱ्यात ठेवल्या असतील. या क्षणी मार्गदर्शक काय करतो, यावर अख्ख्या कार्यक्रमाची किंमत ठरते. ‘दुसऱ्या कुठल्या तरी अहवालातले आकडे घाल’ म्हणणारा मार्गदर्शक मुलाचे जन्माचे नुकसान करतो. ‘शून्य लिही, तारीख लिही, आता बादलीची जागा बदलून पाहू’ म्हणणारा त्याला संशोधक करतो, मग पुढे तो विमा कंपनीत नोकरीला लागला तरी हरकत नाही.

असे मार्गदर्शक देऊ पाहणारे उपक्रम आपल्याकडे नाहीत असे नाही. पुण्याच्या ‘आयुका’ने शाळकरी मुलांसाठी सुरू केलेल्या उन्हाळी उपक्रमाची रचना या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. शाळांनी निवडलेली मुले आठवडाभर संस्थेत यायची, चार-सहा जणांच्या गटाला एक खगोलशास्त्रज्ञ, ठरीव अभ्यासक्रम नाही, आठवड्याअखेर मुलांनी आपल्या कामाचा अहवाल लिहायचा. जयंत नारळीकरांनी उभारलेल्या या संस्थेत शाळेतले मूल ही अडचण मानली जात नसे, हे त्यामागचे खरे भांडवल. ‘इस्रो’चा ‘युविका’ कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. नववीच्या मुलांना दोन आठवडे इस्रोच्या केंद्रांवर नेतात, प्रवास आणि राहण्याचा खर्च इस्रो करते आणि निवडीत ग्रामीण भागातील शाळांना जादा गुण मिळतात. हे संशोधन नव्हे, ओळख आहे. आणि इस्रोही त्याला संशोधन म्हणत नाही. हा प्रामाणिकपणा महत्त्वाचा.

अमेरिकेतही चांगल्या-वाईटाची रेघ ओढणे फार कठीण नाही. एमआयटीत भरणारा ‘रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट’ हा सहा आठवड्यांचा कार्यक्रम १९८४ पासून चालतो. तिथे शिकणे, राहणे, जेवणे यांचे पैसे घेत नाहीत. निवड मात्र अतिशय कडक. उलट १९५७ मध्ये अर्नोल्ड रॉस यांनी सुरू केलेला रॉस गणित कार्यक्रम शुल्क घेतो, गरजूंना साहाय्य देतो, आणि मुलांना काही आठवडे संख्यांच्या साध्या वाटणाऱ्या प्रश्नांवर डोके खाजवत बसवतो. शोधनिबंधाचे नाव नाही. तेव्हा शुल्क आहे म्हणून कार्यक्रम खोटा ठरत नाही आणि फुकट आहे म्हणून खरा ठरत नाही. मात्र नामांकित विद्यापीठाच्या आवारात भरणारा प्रत्येक वर्ग त्या विद्यापीठाचा असतोच असे नाही. वसतिगृहे आणि वर्गखोल्या सुट्टीत भाड्याने दिल्या जातात. आणि वर्ग खुद्द विद्यापीठाचा असला तरी त्याने पुढच्या प्रवेशाची हमी मिळत नाही. कर्ज काढून मुलाला पाठवणाऱ्या पालकाने हे आधी वाचलेले बरे.

पालकांनी फोनवर विचारायचे प्रश्न खरे तर साधे आहेत. मार्गदर्शकाचे नाव काय, तो स्वतः किती तास भेटणार आणि त्याच्याकडे एकूण मुले किती? मंगळवारी दुपारी तीन वाजता माझे मूल नेमके काय करत असेल? गेल्या वर्षी एखाद्याचा प्रयोग फसला का, आणि मग त्याने काय सादर केले? शेवटच्या प्रश्नावर पलीकडे शांतता पसरली, किंवा ‘आमच्याकडे शंभर टक्के यश’ असे उत्तर आले, तर पैसे बँकेत ठेवावेत. जिथे प्रयोग फसत नाहीत तिथे प्रयोग होत नसतात.

आरोग्याशी संबंधित प्रकल्पांबाबत आणखी काटेकोर राहायला हवे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे माणसांवरील संशोधनाला नैतिकता समितीची पूर्वमान्यता आणि सहभागी व्यक्तीची माहितीपूर्वक संमती मागतात. वर्गमित्रांना गूगल फॉर्मवर ‘तुला निराश वाटते का’ असे विचारणे ही गंमत नव्हे. होकारार्थी उत्तर आले तर पुढे काय करायचे, हे माहीत नसलेल्या मुलाच्या हातात तो फॉर्म देणे धोक्याचे आहे. ओळखीच्या डॉक्टरकाकांच्या दवाखान्यातले केसपेपर चाळून ‘डेटा’ गोळा करणे तर रुग्णाच्या विश्वासाचा भंगच. घरच्या स्वयंपाकघरात जिवाणू वाढवण्याचे प्रयोगही करू नयेत. आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धांचे नियम घरी जिवाणू वाढवायला याच कारणाने मनाई करतात. जो कार्यक्रम या परवानग्यांचा विषय स्वतःहून काढतो, त्याच्यावर जरा अधिक विश्वास टाकायला हरकत नाही.

हे सगळे झाले ज्यांना निवड करता येते त्यांच्यासाठी. परभणी किंवा गडचिरोलीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलीपुढे निवडीचा प्रश्नच नसतो. तिथपर्यंत जाहिरातही पोचत नाही आणि ‘युविका’ची नोंदणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होऊन गेल्याचे एप्रिलमध्ये कळते. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३ पासून १० ते १७ वयोगटातील मुलांना परिसरातल्या प्रश्नावर काम करायला लावते, आणि अनेक गावांत विज्ञानाचा एखादा हौशी शिक्षक स्वतःच्या खिशातून ती चालवतो. पण सुट्टीत प्रयोगशाळेचे दार उघडून देणारे तिथे कोणी नाही.

राज्याकडे दारे पुष्कळ आहेत. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे चार कृषी विद्यापीठे आहेत. तिथे माती, पाणी, कीड आणि बियाणे यांवर बाराही महिने काम चालते. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा हिवताप अधिकाऱ्याचे कार्यालय आहे आणि पाण्याच्या भांड्यांत अळ्या कशा शोधायच्या, हे तिथल्या कर्मचाऱ्यांइतके चांगले दुसऱ्या कोणाला येत नाही. जून हा हिवताप प्रतिरोध महिना. त्याच्या आधीच्या मे महिन्यात प्रत्येक कार्यालयाने नववी-अकरावीची चार मुले दोन आठवडे आपल्या पथकाबरोबर घेतली, त्यांना एक प्रश्न, एक भिंग आणि एक वही दिली, तर खर्च चहापाण्याइतका आणि बसभाड्याइतका. पण पुढच्या मे महिन्यात हे सुरू व्हायचे तर शाळांना पत्र जानेवारीत जायला हवे, आणि ते मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडून न राहता वर्गात वाचले जायला हवे.