गाडी वेळेवर होती, पण कुठे?



‘खांडबारा’ हे नाव आपल्या होस्टेलमध्ये फार जणांनी ऐकलेलं नसेल. म्हणून आधी पत्ता सांगतो. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा, त्यातला नवापूर तालुका, आणि सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर नवापूर व नंदुरबारच्या मधे असलेलं एक छोटं स्टेशन. तेच माझं गाव. लांब पल्ल्याच्या गाडीतून जाणाऱ्या माणसाची पाटी वाचून होईस्तोवर ते मागे पडलेलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, केपीआयवरच्या लेखात खांडबाऱ्याचं काय काम? काम आहे. परीक्षेत ‘की परफॉर्मन्स इंडिकेटर म्हणजे काय?’ असा प्रश्न आला की आपण सगळे ठरलेलं उत्तर लिहितो. संस्थेचं उद्दिष्ट किती साध्य झालं हे दाखवणारा आकडा म्हणजे केपीआय; तो स्मार्ट असावा, म्हणजे नेमका, मोजता येणारा, गाठता येणारा, कामाशी संबंधित आणि कालबद्ध असावा. एक चौकट काढायची, चार बाण काढायचे, मार्क पडतात. उत्तर चूक नाही. पण त्यात एक प्रश्न राहून जातो आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. मोजणारा माणूस उभा कुठे आहे? कामाच्या या टोकाला, की ज्याच्यासाठी काम चाललंय त्याच्या टोकाला?

रेल्वेचंच बघा. गाडी वेळेवर धरायची की उशिरा, हे भारतीय रेल्वेत ठरत आलंय ते तिच्या शेवटच्या स्टेशनवर. तिथे ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोचली तर ती ‘वेळेवर’. मधल्या स्टेशनांवर किती उशीर झाला हे या टक्केवारीत येत नाही. रेल्वेच्या वक्तशीरपणावरचा कॅगचा अहवाल २०२२ साली संसदेत मांडला गेला, त्यातही नेमकं यावर बोट ठेवलं होतं. आता इंजिनिअरच्या डोक्याने विचार करा. शेवटच्या स्टेशनवरच मोजायचं ठरलं, तर आकडा सुधारायचा सोपा मार्ग कोणता? शेवटच्या टप्प्यात वेळापत्रकातच थोडा जास्तीचा वेळ ठेवायचा! खरं-खोटं स्वतः पडताळून पहा. लांब पल्ल्याच्या एखाद्या गाडीचं वेळापत्रक काढा. शेवटच्या दोन थांब्यांमधलं अंतर कापायला जाताना किती मिनिटं दिलीत आणि परतीच्या गाडीला तेच अंतर सुरुवातीला कापायला किती दिलीत, याची तुलना करा. बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत मोठा फरक दिसेल.

असा राखीव वेळ ठेवणं म्हणजे लबाडी, असं मी म्हणत नाही. रुळांची कामं, सिग्नल, पाऊस यांसाठी तो लागतोच. मुद्दा वेगळा आहे. मधल्या स्टेशनवर पाऊण तास थांबलेल्या माणसाचा पाऊण तास कुठल्याच खात्यात जमा होत नाही. हा मार्ग एकेरी होता तेव्हा क्रॉसिंगसाठी पॅसेंजर बाजूला उभी करून ठेवणं हे नेहमीचंच. जळगाव-उधना हा ३०६ किलोमीटरचा मार्ग दुहेरी झाला, त्याचं विद्युतीकरण झालं आणि १६ फेब्रुवारी २०१९ ला धुळ्यात त्याचं लोकार्पणही झालं. रुळ दोनाचे चार झाले ही आनंदाचीच गोष्ट. पण मोजण्याची जागा तीच राहिली, तर त्या सुधारणेचा छोट्या स्टेशनला नेमका किती फायदा झाला हे सांगायला आपल्याकडे आकडा कुठला?

रेल्वेचा उशीर एक वेळ सोसता येतो. मजुरीचा उशीर सोसत नाही. रोजगार हमी ही मूळची महाराष्ट्राची. आपला कायदा १९७७ चा, केंद्राचा २००५ चा. आमच्या भागातून दरवर्षी कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातकडे जातात. गावातच काम मिळालं तर जावं लागू नये, हा हमीचा अर्थ. पण गावातल्या कामाचा पैसा वेळेवर आला नाही, तर माणूस पुन्हा गाडीत बसतोच. म्हणून केंद्राच्या कायद्यात मजुरी पंधरा दिवसांत द्यायची, उशीर झाला तर भरपाई द्यायची, अशी तरतूद होती. हा अगदी पाठ्यपुस्तकातला केपीआय! नेमका, मोजता येणारा, कालबद्ध.

मग चुकलं कुठे? तर घड्याळ थांबवण्याच्या जागेत. मजुरी दोन टप्प्यांत जायची. पहिल्या टप्प्यात हजेरीपट बंद व्हायचा, कामाची मापं घेतली जायची आणि स्थानिक पातळीवर संगणकात पैसे वर्ग करण्याचा आदेश तयार व्हायचा. दुसऱ्या टप्प्यात तो आदेश पुढे जाऊन पैसे मजुराच्या खात्यात पडायचे. संगणक-प्रणाली उशीर मोजायची तो पहिल्या टप्प्यापर्यंतच. आदेश निघाला की घड्याळ बंद! पुढे खात्यात पैसे पडायला लागणारे दिवस भरपाईच्या हिशोबात धरलेच जात नव्हते. अहवालात मजुरी वेळेत, आणि पासबुक भरून आणलं तर नोंद नाही. शेवटी मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वराज अभियानच्या खटल्यात सांगावं लागलं की टप्पे किती आणि कोणाचे याच्याशी मजुराला देणंघेणं नाही. पैसा त्याच्या हातात पडेपर्यंतचा उशीर हा उशीरच.

मला यातली एक गोष्ट फार अस्वस्थ करते. ते घड्याळ कोणत्या तारखेला थांबवायचं, हे सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी लिहिलं असणार. आपल्यासारखाच कुणीतरी शिकलेला, डेटाबेसमधलं एक तारखेचं रकानं निवडणारा माणूस. त्याला समोर आदेशाची तारीख दिसत होती, ती त्याने घेतली. त्याच्या बाजूने काम चोख! पुढे आपल्यातलेच कितीतरी जण एसएपीच्या स्क्रीनसमोर किंवा एखाद्या कंपनीच्या डॅशबोर्डसमोर बसून हेच करणार आहेत. म्हणून हा विषय पाच मार्कांत संपवण्यासारखा नाही.

खाजगी कंपन्यांत वेगळं आहे असंही समजू नका. ऑर्डर ‘वेळेत पूर्ण’ कधी धरायची? माल गेटबाहेर पडला, गेटपास फाटला तेव्हा, की गिऱ्हाइकाच्या गोदामात पूर्ण माल उतरला तेव्हा? पहिल्या पद्धतीत डिस्पॅचवाला ९८ टक्के दाखवू शकतो आणि त्याच वेळी गिऱ्हाईक फोनवर फोन करत असू शकतं. दोघंही खरंच बोलतायत! कॅप्लान आणि नॉर्टन यांनी १९९२ मध्ये बॅलन्स्ड स्कोअरकार्ड मांडलं, तेव्हा पैशाच्या आकड्यांबरोबर ग्राहकाची बाजू, अंतर्गत प्रक्रिया आणि शिकणं-सुधारणं हेही धरा, असं सांगितलं. पण ग्राहकाचा रकाना आपल्याच गेटच्या आतल्या आकड्यांनी भरला, तर चार रकाने काय आणि चाळीस काय!

इथे मुंबईच्या डबेवाल्यांची आठवण होणं साहजिक आहे. गेस्ट लेक्चरला आलेला प्रत्येक वक्ता सांगतो, की फोर्ब्सने त्यांना सिक्स सिग्मा दिलं. सिक्स सिग्मा म्हणजे दहा लाखांत जास्तीत जास्त ३.४ चुका. फोर्ब्समध्ये १९९८ साली त्यांच्यावर लेख आला हे खरं. पण असं कुठलंही मानांकन फोर्ब्सने दिलं नव्हतं, हे पुढे तो लेख लिहिणाऱ्यानेच स्पष्ट केलं. मग डबेवाले काय कमी झाले? मुळीच नाही. त्यांचं मोठेपण त्या आकड्यात नव्हतंच. त्यांचं मोजमाप गिऱ्हाइकाच्या टेबलावर होतं. जेवणाच्या सुट्टीत आपलाच डबा समोर आला की नाही? नाही आला तर त्याच दिवशी, त्याच माणसाला ऐकावं लागतं. मधे ना टप्पे, ना फॉर्म. एवढं साधं आणि एवढं कडक मोजमाप मोठमोठ्या कंपन्यांनाही जमत नाही.

आता एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. “बाबा रे, माझ्या हातात जेवढं आहे तेवढ्यालाच मी जबाबदार. गेटबाहेर ट्रक पंक्चर झाला तर डिस्पॅचवाल्याचा काय दोष?” दोष नाहीच. म्हणून प्रत्येक टप्प्याचा आतला आकडा ठेवावाच. कुठे दुरुस्ती करायची ते त्यावरूनच कळतं. पण त्याच्याशेजारी पूर्ण प्रवासाचा एक बाहेरचा आकडाही ठेवावा. आणि मग एक साधी बेरीज करावी. सगळ्या टप्प्यांचे दिवस मिळून पूर्ण प्रवासाचे दिवस होतात का? बहुतेक वेळा होत नाहीत. टप्प्याटप्प्यांच्या मधे फाईल टेबलावर पडून असते, माल सहीसाठी थांबलेला असतो. ही तूट कुणाच्याच खात्यात नसते, आणि माणूस नेमका तिथेच ताटकळत असतो. प्रक्रिया सुधारायची तर आधी ही तूट शोधली पाहिजे.

दुसरी गोष्ट सरासरीची. समजा दहा तक्रारी आल्या. नऊ एका दिवसात मिटल्या आणि एक ४१ दिवसांनी. सरासरी निघते पाच दिवस. पण पाच दिवसांत मिटलेली तक्रार एकही नाही! मधली किंमत, म्हणजे मीडियन, एक दिवस. ती ४१ दिवसांवाल्याला साफ लपवते. म्हणून मीडियनबरोबर सगळ्यात जास्त वेळ किती लागला हेही लिहावं. मोजमापातलं खांडबारा बहुधा त्या शेवटच्या आकड्यातच असतं.

तिसरी गोष्ट अर्थशास्त्रज्ञ गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये मांडली. तिचा आशय असा, की मोजपट्टीवरच बक्षीस आणि शिक्षा ठरायला लागली की ती मोजपट्टी भरवशाची राहत नाही. यासाठी लांबचं उदाहरण कशाला? आपल्या कॉलेज-कॉलेजांतून चालणारं सीओ अटेनमेंटच घ्या. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन अकॉर्डचा पूर्ण सदस्य झाला, आणि विद्यार्थ्याला शेवटी काय येतं ते मोजा, हा विचार आपल्याकडे पक्का झाला. विचार उत्तमच! पण जे सर शिकवतात त्यांनीच पेपर काढायचा, त्यांनीच टार्गेट ठरवायचं, त्यांनीच एक्सेल शीट भरायची, आणि अटेनमेंट कमी आलं तर कारणंही त्यांनीच लिहायची. मग टार्गेट गाठलं जाईल असंच ठरणार. सर-मॅडम मंडळी रागावू नका, यात तुमचा दोष कमी आणि मोजपट्टीचा जास्त आहे. आम्ही तरी काय करतो? टेबलांना नंबर तेवढे वेगळे टाकून जर्नल पूर्ण करतो!

मग निर्देशक ठरवायचा कसा? मला पाच प्रश्न पुरेसे वाटतात. हे काम कुणासाठी चाललंय? त्याच्या दृष्टीने घड्याळ कधी सुरू होतं आणि कधी थांबतं? भागाकारात खाली कोण धरलंय आणि कोण गाळलंय? नोंद कोण करतो, आणि ज्याला झळ बसते त्याची सही त्यावर आहे का? आणि शेवटचा, आकडा बिघडला तर उद्या सकाळी कोण काय करणार? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तो आकडा भिंतीवर लावायच्या कामाचा.

प्लेसमेंटच्या बॅनरला यातला तिसरा प्रश्न लावून बघा. ९० टक्के म्हणजे कशाचे? वर्गातल्या सगळ्यांचे, की ‘एलिजिबल’ धरलेल्यांचे? एटीकेटीवाला मित्र त्या भागाकारात आहे की नाही?

बोलून झालं, आता करण्याचं सांगतो. आपल्या होस्टेलच्या ऑफिसात तक्रारवही आहे. तीत तक्रारीची तारीख आणि ‘निकाली’ची तारीख असे दोन रकाने आहेत. प्लंबर येऊन बघून गेला की तक्रार निकाली निघते. रेक्टर सरांना आणि मेस कमिटीला माझी विनंती आहे, की त्यात आणखी दोन रकाने आखावेत. एक, ‘पाणी केव्हापासून नाही’. दुसरा, ‘पाणी केव्हा आलं’, आणि त्यापुढे त्या खोलीतल्या मुलाची सही. शिवाय पंधरा दिवसांत तोच नळ पुन्हा बंद पडला, तर जुनी तक्रार परत उघडावी, नवी धरू नये. खर्च किती? एक पट्टी आणि एक पेन. सेमिस्टर संपताना वहीतले आकडे नोटीस बोर्डावर लावायचं काम मी घेतो. सरासरी नाही, मीडियन आणि सगळ्यात जास्त लागलेले दिवस.

कदाचित पहिले आकडे वाईट येतील. येऊ देत. ‘सगळं वेळेवर’ लिहिलेल्या वहीपेक्षा ते कामाचे. तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत पाणी कधी पोचतं, हे निदान कुठेतरी लिहिलेलं तरी असेल!