‘अ’ची जात कोणती?

आष्टीचा माझा मावसभाऊ वकिली शिकतोय. बाप कोयता चालवतो, माय मोळ्या बांधते. दसऱ्याला गावी गेलो तेव्हा लाईट गेलेली. मोबाईलच्या उजेडात पोरगं घोकत बसलेलं : ‘अ’ने ‘ब’ला काठीने मारलं, तर ‘अ’वर गुन्हा कोणता?

मी डॉकवर ओझी उचलणारा मॅट्रिक माणूस. विचारलं, "अरे, ‘अ’ची जात कोणती? ‘ब’ची कोणती?"

"दादा, पुस्तकात जात नसतीय."

च्यायला, गोम हितंच आहे दोस्तांनो. लॉ कॉलेजातल्या ‘अ’ला आडनाव नाही, गाव नाही, सातबारा नाही. ‘ब’ला वस्ती नाही. दोघं हवेत भांडतात आणि कायदा मधे तराजू धरून उभा.

१८७२ चा कराराचा कायदा शिकवतात. धाकदपटशा नको, फसवणूक नको, मोकळी संमती हवी. पोरगं टीप लिहून मार्क घेतं. अन् त्याचे मायबाप मुकादमाची उचल घेऊन ट्रकात चढतात. नवराबायको मिळून एक कोयता. हिशेब मुकादमाच्या वहीत. उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही त्याचाच. संमती मोकळी होती की पोट मोकळं होतं, हा प्रश्न पेपरात येत नाही.

फितूर साक्षीदारही शिकवतात. आपलाच साक्षीदार उलटला तर कोर्टाच्या परवानगीनं त्याचीच उलटतपासणी घ्यायची. ठीक. आष्टीला लागून जामखेड तालुका. तिथं खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ ला आपलं १७ वर्षांचं पोरगं मारून झाडाला लटकवलं. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो म्हणून. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या कोर्टात साक्षीदार उलटले, सगळे आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार कोर्टात फितूर होत नाही, गावात होतो. त्याला संध्याकाळी त्याच गावात परतायचं असतं. हा धडा कुठल्या वर्षाला आहे?

खैरलांजीत २००६ साली चौघांचे मुडदे पडले. कोर्टाला खून दिसले, जात दिसली नाही. ॲट्रॉसिटी लागलीच नाही. ‘अ’ आणि ‘ब’ घोकून मोठे झालेले डोळे, दुसरं काय पाहणार?

आणि परभणीचा सोमनाथ सूर्यवंशी? वडाराचं पोरगं, कायदाच शिकत होतं. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाची विटंबना झाली, त्यानंतरच्या आंदोलनात पकडलं. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असतानाच मेलं. पोलिसांवर गुन्हा नोंदवा, हे सांगायला जुलै २०२५ मध्ये हायकोर्ट लागलं.

मग काय, कॉलेज सोडायचं? बिलकूल नाही. बाबासाहेब १९३५ साली मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्रिन्सिपल झाले, तेव्हाही महाडच्या तळ्याचा खटला चालूच होता. पाणी प्यालो १९२७ ला, हायकोर्टाचा निकाल १९३७ ला. दहा वर्षं! एका हातात खडू, दुसऱ्या हातात तळ्याची केस. आपल्या पोरांनी हे शिकायचं. नुसता काळा कोट शिवून फोटो काढायचा नाही.

ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम ४ सांगतं : तोंडी तक्रार लिहून घेतली की सहीआधी वाचून दाखवा, नक्कल लगेच द्या. जाणूनबुजून टाळलं तर अधिकाऱ्याला तुरुंग. कलम १५ अ सांगतं : साक्षीदाराला संरक्षण, प्रवासखर्च. वस्तीत किती जणांना ठाऊक आहे? सुट्टीत गावी येणाऱ्या प्रत्येक लॉच्या पोरानं हे चावडीवर नाही, वस्तीत बसून सांगावं. फिर्यादीसोबत ठाण्यात जावं. साक्षीदाराला कोर्टात न्यावं आणि तो घरी सुखरूप पोचेतो सोबत राहावं.

मावसभावाला मी सांगितलं, "पेपरात ‘अ’ लिही, पास हो. पण ठाण्यात जाशील तेव्हा ‘अ’चं नाव लिहायला लाव. ‘अ’ची जात लिहायला लाव, ‘ब’चीही लाव. आणि ‘अ’चा सातबारा किती एकराचा, तेही विचार."