हृदयाचे चित्र आणि कामगाराचा हक्क

हृदयाला रक्त कितपत पोहोचते हे दाखविणारी पेट तपासणी हा केवळ तज्ज्ञांचा विषय आहे, असे मानण्याची चूक आपल्या चळवळीने करू नये. स्थूलता हा श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही. १९८२ च्या संपानंतर डिलाईल रोडच्या गिरण्या गेल्या; रखवालीच्या रात्रपाळ्या, अवेळी खाणे आणि बैठे काम ही त्या वस्तीच्या वाट्याला आली. अशा देहाचे हृदय यंत्राला नीट दिसते काय, हा आमचा प्रश्न आहे.

शरीरात सोडलेल्या किरणोत्सर्गी द्रव्यामुळे दोन किरण परस्परविरुद्ध दिशांना निघतात. दोन्ही बाहेर पोहोचले तरच त्यांची नोंद उपयोगी पडते. पाण्याइतक्या घनतेच्या ३० सेंटिमीटर जाडीतून अशा शंभर जोड्यांपैकी सुमारे ६ सुखरूप निघतात. जाडी ४० सेंटिमीटर झाली की जेमतेम २. शिवाय वाटेत विखुरलेले किरण खोटी दिशा सांगतात. अधिक वेळ तपासावे, तर नायट्रोजन-१३ दहा मिनिटांत निम्मा होतो आणि रुबिडियम-८२ सव्वा मिनिटात.

म्हणून उरलेले काम गणिताने करावे लागते. जुनी रीत प्रत्येक नोंद तिच्या संपूर्ण रेषेवर सारखी पसरवीत असे. नोंदी अपुऱ्या असल्या की चित्रावर ओरखडे उमटत. शेप व वार्डी यांनी १९८२ साली मांडलेली आणि हडसन व लार्किन यांनी १९९४ साली वेगवान केलेली रीत आधी चित्राचा अंदाज करते, तो नोंदींशी ताडून पाहते आणि पुनःपुन्हा सुधारते. किरणांच्या आगमनातील सूक्ष्म कालांतर मोजणारी यंत्रे त्यांचे उगमस्थान काही सेंटिमीटरांपर्यंत हेरतात. देह जितका रुंद, तितका या सोयीचा लाभ अधिक. याउलट, श्वासामुळे सीटी व पेट यांची चित्रे जुळली नाहीत, तर निरोगी हृदयावरही डाग दिसतो. खोट्या डागापायी नाहक अँजिओग्राफी होते. खरा डाग झाकला गेला तर प्राण जातो.

सर्वात कमी दराची निविदा स्वीकारणे म्हणजे काटकसर, असे मानणाऱ्या प्रशासनाला येथे रोखले पाहिजे. चुकीच्या निदानाचा खर्च निविदेत दिसत नाही. तो रुग्णाचे कुटुंब भरते. देशातील पहिले पेट यंत्र २००२ साली परळच्याच रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, म्हणजे सार्वजनिक पैशातून, आले हे विसरू नये. हे ज्ञान खुल्या शोधनिबंधांतून जगासमोर आले आहे. त्याचा लाभ मात्र ऐपतीनुसार वाटला जावा, हे आम्हाला मान्य नाही.

कार्यकर्त्यांनी महापालिकेकडे आणि कामगार विमा योजनेकडे तीन मागण्या लावून धराव्यात: यंत्रखरेदीच्या अटींत स्थूल रुग्णांच्या चित्राची कसोटी असावी, आवश्यक आज्ञावली यंत्राच्या किमतीतच मिळावी, आणि तपासणीचा भार रुग्णावर पडू नये. डिलाईल रोडला आज ज्यांचे नाव आहे त्या ना. म. जोशींनी कामगाराला दया मागावयास नव्हे, संघटित होऊन हक्क मागावयास शिकविले. निर्दोष निदान हा तसाच एक हक्क आहे.