रस्ता सांगू नका, सोबत चला

दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की कर्जत-खालापूरच्या आमच्या वस्त्यांत घरोघरी एकच प्रश्न असतो. पोरांनी दोन महिने करायचे काय? २०२३ च्या मे महिन्यात आम्ही सहा मुलामुलींना घेऊन मुंबईला गेलो. राणीची बाग पाहायला नव्हे, तर परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या परिसरात रुग्णांच्या नातेवाइकांना मदत करायला.

हे हॉस्पिटल १९४१ सालचे. कॅन्सरचे रुग्ण येथे देशभरातून येतात. उपचार महिनोन्महिने चालतात, खोलीभाडे परवडत नाही. कोणाला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आसरा मिळतो, कित्येक कुटुंबे फुटपाथवरच पथारी टाकतात. त्यांना औषधाचे दुकान दाखवणे, फॉर्म भरून देणे, परतीच्या गाडीची वाट दाखवणे, एवढेच आमचे काम.

पण आमच्या पोरांना तरी मुंबई कुठे ठाऊक? खोपोलीहून कर्जत आणि कर्जतहून दादर, एवढीच त्यांची मुंबई. निघताना एका मुलीची आई म्हणाली होती, "भाऊ, परक्या शहरात पोर पाठवायची, आणि हातात पडणार काय?" आम्ही गप्प बसलो. उत्तर नव्हते.

तिसऱ्या दिवशी घोटाळा झाला. एका आजोबांना कल्याणला जायचे होते. आमच्या एका मुलाने सांगितले, "दादरला एक नंबरवर गाडी लागते, आजोबा." त्या काळी दादरला एक नंबरचे फलाट दोन होते, एक पश्चिम रेल्वेचा, दुसरा मध्य रेल्वेचा. (९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ झाले, तो घोळ मिटला.) आजोबा पश्चिमेच्या गाडीत बसले. फाइलवर मुलाने आपला नंबर लिहून दिला होता, म्हणून संध्याकाळी बोरिवलीहून फोन आला. दिवसभराचा उपाशी माणूस! पोरगा रडला. चूक त्याच्या एकट्याची नव्हती. शहर न पाहता मुलांना कामाला उभे केले, ही चूक आमची.

दुसऱ्या दिवशी काम बंद ठेवले आणि वही-पेन घेऊन परळ ते दादर पायी फिरलो. कोणता पूल कोठे उतरतो, पिण्याचे पाणी कोठे मिळते, स्वस्त जेवण कोठे, सगळे लिहून घेतले. मुलींनी शौचालये पहिल्या पानावर लिहिली, कारण बायका सर्वांत आधी तेच विचारतात, आणि तेही लाजत. वाटेत बाबासाहेब राहत ती बीआयटी चाळ पाहिली. १९२४ साली याच परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेची पायाभरणी झाली, हेही मुलांना सांगितले. त्या दिवसापासून नियम केला: माहीत नसेल ते सांगायचे नाही, आणि माहीत असले तरी माणसाला सोबत नेऊन पोहोचवायचे.

सुट्टी संपली. १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्याच खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. जखमींचे नातेवाईक पनवेलच्या हॉस्पिटलच्या दारात बावरून उभे होते. डोंगरावरच्या त्या माणसांना पनवेल म्हणजे परके शहरच. आमची मुले त्यांच्या सोबत राहिली, केसपेपरच्या रांगेत उभी राहिली. त्यांत ती मुलगीही होती. या वेळी आईने काही विचारले नाही, स्वतःच भाकऱ्या बांधून दिल्या.

आम्ही कारकून माणसे, जमाखर्च मांडल्याशिवाय राहवत नाही. त्या मे महिन्यात खर्च झाला तो रेल्वेच्या पासांचा आणि वडापावचा. जमेला काय आले, हे जुलैमध्ये कळले.

बंधू-भगिनींनो, येत्या सुट्टीत आपल्या मुलांना शहर अवश्य दाखवा. पण त्यांच्या हाती एखादे काम द्या, आणि कामाच्या आधी एक दिवस वही घेऊन पायी हिंडवा.