पित्ताशय काढले, अहवाल कुठे?

शस्त्रक्रियेत काढलेले प्रत्येक पित्ताशय बायोप्सीला गेलेच पाहिजे आणि अहवाल रुग्णाच्या हाती पडलाच पाहिजे, ही आमची भूमिका आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कवच 5 लाखांपर्यंत वाढले. पण कर्करोगाचे निदानच झाले नाही, तर पाटोद्यासारख्या तालुक्यातील रुग्णाला त्याचा उपयोग काय?

पित्ताशय यकृताला चिकटून असते. खड्यांआड दडलेला कर्करोग वेळीच कळला, तर यकृताचा लगतचा भाग व लसिकाग्रंथी काढून रुग्ण वाचू शकतो. नातेवाइकांच्या हाती खड्यांची डबी ठेवून भागत नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेला कामगार या कर्करोगामुळे झालेली कावीळ घेऊन परतला, तर बहुधा उशीर झालेला असतो.

आरोग्य विभागाने अहवालाशिवाय शस्त्रक्रियेचे एकही देयक मंजूर करू नये.