स्क्रूला हात लावू नका

या वीकांताला कोडबिड काही नाही. हात काळे करून बसलोय, अजून नखातलं ग्रीस निघालेलं नाही, त्यामुळे लिहिणार तेही गाडीवरच.

तर झालं असं. दिवाळीत घरी कराडला गेलो होतो. बाबांची स्प्लेंडर आहे, १९९९ ची, हिरो होंडाच्या काळातली. मी दोन वर्षांचा असताना टाकीवर बसून काढलेला फोटो अजून फ्रेममध्ये आहे, तीच गाडी. पाडव्याच्या सकाळी बाबा भाजी आणायला निघाले. गाडी चालू केली, पहिला टाकला, क्लच सोडायला घेतला आणि गाडी जी उसळली ती थेट गेटच्या खांबाला. फार काही झालं नाही. गुडघ्याला खरचटलं, इंडिकेटर फुटला. पण मी घाबरलो आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच केलं, म्हणजे ओरडलो. "बाबा, आता बास झालं. तुम्हाला नाही जमत आता. बिनगिअरची स्कूटर घेऊया."

बाबा काहीच बोलले नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "क्लच सोडताना हात चुकतो हल्ली. तीन-चार महिने झाले."

तीन-चार महिने. हा शब्द माझ्या डोक्यात अडकला. म्हातारपण काही तारीख ठरवून येत नाही. जी गोष्ट अमुक महिन्यापासून सुरू होते, ती बहुतेक वेळा कुठला तरी पार्ट असते. (हे आमच्या हापिसातही खरं आहे. "कालपर्यंत चालत होतं" म्हटलं की आम्ही आधी काल काय बदललं ते बघतो.)

दुसऱ्या दिवशी मी स्वतः गाडी चालू केली आणि पाच मिनिटं नुसता ऐकत उभा राहिलो. थंड असताना चोक ओढल्याशिवाय उभीच राहीना. गरम झाल्यावर आपोआप रेस चढायला लागली. अॅक्सिलरेटर पिळून सोडला तर आवाज लगेच खाली यायला हवा, तो तरंगत राहिला, मग सावकाश उतरला. मध्येच सायलेन्सरमधून फट्‌ फट्‌. एकदा उतरला तो इतका की गाडी बंद. आता अशा गाडीवर पहिला गिअर टाकून क्लच सोडा. कधी ती बंद पडेल, कधी उडी मारेल. हात कुणाचाही असो.

बाबांनी दोन ठिकाणी दाखवली होती. पहिल्याने रेसचा स्क्रू फिरवून दिला, पन्नास रुपये घेतले. आठवड्याने पुन्हा तेच. दुसऱ्याने हवेचा स्क्रूही फिरवला, जेट क्लच वायरच्या तारेने 'साफ' केला आणि सांगितलं, सर, कार्बोरेटर गेलाय, अडीच हजार. बाबांनी ते मनावर घेतलं नाही. अर्धा चोक ओढून गाडी चालवायची सवय लावून घेतली आणि वर स्वतःच्या हाताला दोष देत राहिले.

आता मुद्दा. कार्बोरेटरचं काम एका वाक्यात सांगायचं तर आत जाणाऱ्या हवेच्या ओढीने त्या प्रमाणात पेट्रोल उचलून देणं. पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते. कार्बोरेटर हे गणित सांभाळतो, पण एका अटीवर. सगळी हवा त्याच्यातूनच गेली पाहिजे. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये कुठे बारीकशी फट पडली, तर तिथून चोरून जी हवा आत शिरते तिचा हिशोब कुणीच ठेवत नाही. हवा जास्त, पेट्रोल कमी. मेकॅनिक लोक याला 'एअर घेतेय' म्हणतात आणि अगदी बरोबर म्हणतात.

गंमत अशी की हा आजार उभ्या गाडीला जास्त आणि धावत्या गाडीला कमी होतो. अॅक्सिलरेटर सोडलेला असताना कार्बोरेटरचं दार जवळपास बंद असतं, त्याच्या पलीकडे इंजिन जोरात ओढत असतं आणि एकूण हवाच इतकी थोडी जात असते की सुईच्या भोकाएवढी फटसुद्धा त्यात मोठा वाटा उचलते. पूर्ण पिळल्यावर दार सताड उघडं, ओढ कमी, हवेचा लोंढा मोठा. मग त्या फटीला कोण विचारतो? म्हणून मेकॅनिक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, "पळतीय की मस्त." पळतेच ती. उभी राहत नाही हा प्रॉब्लेम आहे.

मग फट आहे हे कळायचं कसं? पहिली खूण चोक. चोक ओढल्यावर गाडी सुधारत असेल तर तिला पेट्रोल कमी पडतंय. दुसरी प्लग. तो पांढरट निघाला तरी अर्थ तोच. पण थांबा, स्लो जेट कचऱ्याने तुंबला तरी हीच लक्षणं दिसतात. टॅपेट फार टाइट झाले तरी स्लो स्पीड बिघडतो. म्हणून आधी प्लग आणि टॅपेट बघून घेतले. आणि मग फट आहे की नाही हे ठरवणारी चाचणी केली. तिला खर्च शून्य.

आपल्याकडे जोडावर पेट्रोल शिंपडून रेस बदलते का बघायची पद्धत आहे. कृपा करून हे करू नका. तापलेलं इंजिन, शेजारी प्लगची ठिणगी आणि तुम्ही पेट्रोल शिंपडताय! उदबत्तीचा धूर कुठे ओढला जातो ते बघणारे महाभागही मी पाहिलेत. आईची झाडांवर फवारायची बाटली घेतली, त्यात साबणाचं पाणी भरलं, गाडी चालू ठेवली आणि प्लगला पाणी लागू न देता एकेका जोडावर थोडंथोडं मारत गेलो. फिल्टरकडच्या रबरी पाइपवर मारलं, काही नाही. (तिथे भेग असली तर आत धूळ जाते, तेही वाईटच, पण ती हवा निदान कार्बोरेटरमधून तरी जाते. तो वेगळा आजार.) इंजिनच्या हेडपाशी मारलं, काही नाही. कार्बोरेटर जिथे दोन बोल्टांनी बसतो तिथे मारलं आणि आवाज झपकन खाली आला, एक चूळ भरल्यासारखा गुळगुळ आवाज झाला, पाणी वाळलं तशी रेस पुन्हा चढली. तीनदा केलं. तीनदा तेच. जेट तुंबला असता तर बाहेर पाणी मारून त्याला काही फरक पडला नसता.

कार्बोरेटर उतरवला. त्याच्या आणि इंजिनच्या पाइपच्या मध्ये उष्णता अडवणारा एक काळा तुकडा असतो आणि सील करायला ओ-रिंग. ओ-रिंग म्हणजे गोल दोऱ्यासारखी हवी, ही चपटी पट्टी झालेली. नखाने दाबली तर तुटली. पंचवीस वर्षं इंजिनच्या शेजारी भाजल्यावर रबर दुसरं काय होणार, गाडीला दोष नाही. पण खरी मजा पुढे होती. कार्बोरेटरची बैठक उजेडासमोर स्टीलच्या पट्टीवर धरली तर मधून उजेड दिसला. दोन टोकांना बोल्ट आवळून आवळून ती केळ्यासारखी वाकली होती. ओ-रिंग गळते म्हणून कुणीतरी आवळलं, आवळल्यामुळे वाकली, वाकल्यामुळे जास्त गळायला लागली, म्हणून अजून आवळलं. हे असले 'फिक्स' मी कोडमध्ये रोज बघतो. काही मी स्वतः केलेत. असो.

उपाय साधा होता. जाड सपाट काचेवर पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर ठेवला आणि बैठक हलक्या हाताने, आठच्या आकड्यासारखी फिरवत घासली. उजेड दिसेनासा होईपर्यंत, त्याहून जास्त नाही. मग सगळा भाग पेट्रोलने धुऊन काढला, कारण घासल्याची पूड आत गेली तर इंजिन खाईल. ओ-रिंग दुचाकीच्या स्पेअरच्या दुकानातूनच घेतली. नळाच्या दुकानात तशीच दिसणारी मिळते, पण पेट्रोलमध्ये सगळं रबर टिकत नाही. आणि फटीवर ट्यूबमधलं सिलिकॉन फासू नका, पेट्रोलने ते फुगतं आणि त्याचे तुकडे आत जातात. बोल्ट आलटून पालटून, थोडेथोडे आवळले. जेटही नवा टाकला, कारण तार घातलेल्या भोकाचा काय भरवसा? सगळं मिळून तीनशेच्या आत.

हवेचा स्क्रू सगळ्यात शेवटी, सगळे जोड पक्के झाल्यावर आणि इंजिन गरम असताना लावला. माझा एवढाच आग्रह आहे. गळती असताना तो स्क्रू लावणं म्हणजे चुकीच्या हिशोबाला चुकीची बेरीज जोडणं. फट उष्णतेने कमी-जास्त होते, स्क्रू तिथेच असतो. शिवाय स्क्रू कुठला आहे हेही बघितलं जात नाही. साधारणपणे फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो, इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोल, आणि दोघांच्या दिशा उलट. हात लावायचाच असेल तर आधी तो किती फेरे उघडा आहे ते मोजून भिंतीवर लिहून ठेवा.

सध्या जुन्या गाडीचं काहीही बिघडलं की लोक ई-ट्वेंटीवर ढकलतात. त्यात तथ्य आहे. २०२५ मध्ये देशभर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं, इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे त्याच जेटवर जुनी गाडी थोडी उपाशीच राहते, आणि जुन्या रबरालाही ते मानवत नाही. पण म्हणूनच तर रबर तपासायचं. 'पेट्रोलच खराब' म्हणून स्क्रू अजून अर्धा फेरा फिरवायचा, हे त्याचं उत्तर नव्हे.

आता मेकॅनिकची बाजूही सांगतो, नाहीतर मी पुण्याहून येऊन शहाणपण शिकवतोय असं होईल. ते दोघे अडाणी नाहीत. दुसऱ्याला मी हे सांगितलं तर तो हसून म्हणाला, "दादा, एअर घेतीय हे मलाबी कळलं होतं. पण उतरवून, घासून तासभर घालवला आणि दोनशे मागितले तर गिऱ्हाईक म्हणतं, केलं काय, नुसती रिंग तर टाकली!" खरंय. आपण पार्टचे पैसे देतो, शोधण्याचे देत नाही. मग तोही पार्टच विकतो. मला महिन्याचा पगार मिळतो तो बहुतेक वेळा शोधण्याचाच असतो, टाकलेली ओळ एकच असते. त्याचा हिशोब कोणी मागत नाही :)

तरी त्याने तार घालायला नको होती.

रविवारी दुपारी गाडी चालू केली. चोक न ओढता. पिळून सोडली की आवाज धपकन खाली. बाबा पायरीवर उभे राहून ऐकत होते. "बघा," म्हटलं, "तुमच्या हाताचं काही नव्हतं. गाडी एअर घेत होती." आणि पाडव्याला जे बोललो त्याबद्दलही काहीतरी पुटपुटलो, ते त्यांना ऐकू आलं की नाही माहीत नाही.

बाबांनी किल्ली मागितली. गेटपर्यंत अगदी हळू, पहिल्या गिअरमध्ये गेले, खांबाजवळ थांबले, क्लच धरून पायाने दोनदा गिअर वर-खाली करून बघितलं. मग म्हणाले, "इंडिकेटर तेवढा आणायचा राहिलाय," आणि मंडईच्या दिशेने गेले.