घागरभर पाण्याचा सण

गेलेल्या माणसासाठी किती खर्च करावा, हा प्रश्न आपल्याकडे कुणी मोठ्याने विचारीत नाही. मनातल्या मनात मात्र घरोघर त्याचा हिशेब चालू असतो. बँकेच्या नोकरीत असे हिशेब मी पुष्कळ पाहिले. पीककर्ज म्हणून उचललेली रक्कम दशक्रियेच्या नि तेराव्याच्या पंगतींत जायची आणि पुढे ते खाते थकबाकीत दिसायचे. वसुलीला गेले की ओसरीवर चहा मिळे आणि एकच वाक्य ऐकू येई, ‘बापाचं काही केलं नाही असं लोक म्हणाले असते, साहेब.’ त्या वाक्यापुढे कागदपत्रे उघडायचा धीर होत नसे.

परवा हा विषय निराळ्याच निमित्ताने निघाला. माझ्या पुण्याच्या भाचीला मेक्सिकोत जाऊन तिथला मृतांचा सण पाहायचा आहे. स्वस्तात विमान कुठले, राहायचे कुठे, याची चौकशी तिने आरंभली होती. ‘मामा, यासाठी कर्ज मिळतं का हो?’ असेही विचारून झाले.

सण खरोखरच पाहण्यासारखा आहे. १ आणि २ नोव्हेंबरला तो येतो. पहिला दिवस गेलेल्या मुलांचा, दुसरा मोठ्यांचा. घरात मांडणी करून फोटो ठेवतात. गेलेल्याच्या आवडीचे पदार्थ, या सणापुरता भाजलेला गोड पाव, मेणबत्त्या, धूप असे सगळे असते आणि पेलाभर पाणी असते. एवढा लांबचा प्रवास करून आलेला आत्मा तहानलेला असणार, म्हणून ते पाणी. कित्येक गावांत रात्री सगळे घर कबरीशेजारी जाऊन बसते. फुले असतात ती झेंडूची. आपण दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडू मूळचा तिकडचाच. २००८ साली युनेस्कोने जगाच्या वारशात या सणाची नोंद केली.

भाचीला म्हटले, ‘जा, जरूर जा. पण आधी एकदा आखाजीला पहूरला ये.’

पहूर आमचे गाव. जामनेर तालुक्यात, वाघूर नदीच्या काठी. एका अंगाला पेठ, दुसऱ्या अंगाला कसबे. जळगावहून अजिंठ्याची लेणी पाहायला निघालेल्या गाड्या आमच्या गावावरून जातात. पाचोरा-जामनेर ही छोटी रेल्वेही गावाला होती. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली, तेव्हापासून सारी भिस्त एस.टी.वर.

इतरत्र अक्षय्य तृतीया म्हणजे सोने घेण्याचा मुहूर्त. खानदेशात तीच आखाजी होते आणि तिचा मान पितरांचा असतो. आमच्या घरी सकाळी मातीची नवी घागर पाण्याने भरतात. तिच्यावर लहान मातीचे भांडे, वर खरबूज (आमच्याकडे त्याला डांगर म्हणतात), सांजोरी आणि आंबा. पुरणपोळी नि आमरसाचा नैवेद्य होतो, विस्तवावर आगारी टाकतात आणि गेलेल्यांची नावे घेतात. जळगावच्या वैशाखात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. अशा उन्हात गेलेल्या माणसाला पाणी द्यावे, हे ज्याला सुचले त्याला आमचे ऊन नीट ठाऊक होते. मेक्सिकोतल्या पेल्यात आणि पहूरच्या घागरीत पाणी एकाच समजुतीने भरलेले असते, याचे मला फार नवल वाटते.

पण आखाजीत आणखी एक गोष्ट आहे. त्याच दिवसांत सासुरवाशिणी माहेरी येतात. कडुनिंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. शेतावरच्या सालदाराचे सालही आखाजीलाच संपते, म्हणजे त्यालाही आपल्या घरी जाता येते. पितर आणि लेकी एकाच दिवशी का याव्यात? माझ्या समजुतीप्रमाणे हा सण मेलेल्यांपुरता नाहीच, घरातून निघून गेलेल्या सगळ्यांचा आहे. कुणी सासरी गेले, कुणी देवाघरी. त्या दिवशी घर दोघांची वाट पाहते. पुण्या-मुंबईला, सुरतेला नोकरीधंद्यासाठी गेलेली मुले त्यातच धरायला हवीत.

आता खर्चाचे पाहू. घागर नि वरचे भांडे दीड-दोनशे रुपयांत होते आणि ते पैसे कुंभाराच्या घरी जातात. खरबूज, आंबे, चण्याची डाळ, गूळ हा घरचाच बाजार. मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.चे तिकीट अर्धे आहे. पासष्टी ओलांडल्याने मलाही अर्धेच पडते. मुक्कामाला घर आहे. घर उरले नसेल तर शेजारी आहे.

इतक्या स्वस्त गोष्टीची आपल्याला किंमत वाटत नाही, ही खरी अडचण आहे. आखाजीच्या जाहिरातीत घागर कधी दिसत नाही, दागिनेच दिसतात. जळगावची सराफी नावाजलेली आहे, तिच्याशी माझे वाकडे नाही. पण २०२५ च्या एप्रिलात दहा ग्रॅम सोने लाखाला टेकले, तरी मुहूर्त चुकू नये म्हणून ओढाताण करणारी घरे मला माहीत आहेत. मेक्सिकोतही निराळे नाही. २०१५ च्या एका बाँडपटात राजधानीतून या सणाची भव्य मिरवणूक दाखवली होती. तशी मिरवणूक तिथे नव्हतीच! चित्रपटानंतर, २०१६ पासून ती खरोखर निघू लागली. बघ्यांची सोय झाली. खेड्यातली म्हातारी मात्र अजून आपल्या कबरीपाशीच बसते.

कुणी म्हणेल, मेलेला माणूस पाणी पितो का? न पिऊ दे. पण त्या निमित्ताने त्याचे नाव घरात एकदा मोठ्याने घेतले जाते आणि नातवंडांच्या कानावर पडते. पंगतीला पाचशे पाने उठवून हे साधत नाही. त्या गर्दीत गेलेल्याचे नाव निघायला फुरसत कुणाला असते?

आणि हे नाव मुलानेच घ्यायला हवे, असेही नाही. आमच्या गल्लीत तीन मुली असलेल्या एका घरी बाप वारला. पहिल्या आखाजीला घागर चुलतभावाने भरावी, असे भाऊबंदांचे म्हणणे पडले. थोरली काही बोलली नाही. सकाळी उठून तिने स्वतःच घागर भरली, धाकट्या दोघींनी डांगर नि सांजोऱ्या ठेवल्या. आईने नाव घेतले. कुणाचे काही बिघडले नाही. ज्या लेकी त्या दिवशी माहेरी यायच्याच आहेत, त्यांच्या हातून पाणी घ्यायला बापाची हरकत का असावी?

पहूरला आता कुलपे लागलेली घरे दिसतात. काहींत म्हातारा-म्हातारी दोघेच असतात आणि तीच आपल्या सासू-सासऱ्यांची घागर भरतात. पुढे त्यांची कोण भरणार, हे ती विचारीत नाहीत. वाचकहो, तेरावे थाटात करण्यासाठी जे पैसे बाजूला टाकले असतील, त्यातले थोडे आत्ताच एस.टी.च्या तिकिटाला वापरा. आखाजीच्या आदल्या संध्याकाळीच पोचा. घागर सकाळी लवकर भरतात, आणि दहानंतर आमच्याकडचे ऊन सोसत नाही.